कागदाच्या गणपतीचा दिवस

शालनवयनी, चतुर्थी झाली. देव आला, दीड दिवस राहिला आणि नदीत गेला. चित्र कोणी काढलं ते तुला सांगायला बसले आहे, पण सरळ सांगता येत नाही. मध्ये मध्ये तूच येतेस.

तू ज्येष्ठात गेलीस, तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, तिच्या हातात देव होता. मी मान हलवते. याच हाताने तू चित्रात भटजींना छत्रीसकट चिखलात बसवायचीस आणि आपल्या थोरल्या नणंदेला बगळ्याची मान लावायचीस, हे मी कोणाला सांगत नाही. देवाचा हात ज्यांना आठवायचा त्यांना आठवू दे. मला तो दुसरा, खोडकर हात आठवतो.

साखळीला आमच्या शाळेत नवीन कोणी बाई आली की दर वर्षी मला आपल्या घरची रीत पहिल्यापासून सांगावी लागते. आमच्याकडे मातीची मूर्ती येत नाही. मूर्ती सापडली तर घरदार जायचं अशा पोर्तुगेजांच्या काळात आमच्या पूर्वजांनी कागदावर देव काढला, झटकन गुंडाळून लपवता येईल असा. पुढे भीती गेली, कागद राहिला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तयेला, घरातल्या एकाने आंघोळ करून देवाच्या खोलीत बसायचं आणि दार आतून लावून घ्यायचं. उपास सगळ्याच बायकांना असतो, पण काढणाऱ्याला पाण्याचा घोटही नाही. पेन्सिल नाही, खोडणं नाही. तांबडी काव, हळद आणि काजळ, एवढेच रंग. आतल्या माणसाला कोणी हाक मारायची नाही. चित्र पुरं झालं की त्याने स्वतःच दार उघडायचं. बायका ऐकतात आणि विचारतात, मग काढतं कोण? मी सांगायचे, आमची शालनवयनी, माझी थोरली जाऊ. आता पुढच्या वर्षी कोणी विचारलं तर काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.

मी सावंतवाडीकडून लग्न होऊन नार्व्याला आले तेव्हा मामंजींचा हात कापायला लागून काही वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर थोरला मुलगा म्हणून दादा बसले होते, तुझा नवरा. दादांनी काढलेल्या देवाचं मुंगूस झालं होतं, हे तूच मला मागल्या दारी पदर तोंडावर धरून सांगितलंस. त्या वर्षी पूजा झाली ती त्याच मुंगसाची, आणि पुढच्या तयेला तू कोणाला न विचारता आंघोळ करून आत जाऊन बसलीस. बाईमाणसाने काढावं की नाही यावर बाहेर चर्चा सुरू झाली. पण हाक मारायची नाही हा नियम असल्यामुळे तुला कोणी थांबवू शकलं नाही. संध्याकाळी तू दार उघडलंस आणि चित्र बघून मामंजींनी हात जोडले. चर्चा तिथेच संपली.

उरलेल्या सगळ्या दिवसांत मात्र या घरात तुझ्या नावाच्या हाकांशिवाय दुसरं काही ऐकू येत नसे. शालन, चाय. शालन, म्हजो चष्मो खंय आसा? शालन, पोदेर आयला, उंडे घे. चहा असो, चष्मा असो की दाराशी आलेला पाववाला, तू जिथे असशील तिथून "येतां" म्हणायचीस आणि जायचीस. तुझा आवाज कधी चढला नाही. मला वाटायचं, हिला हे सगळं आवडतं.

माझी आई गेली त्या वर्षी माझं लिहिणं थांबलं. दिवाळी अंकांना दोन-चार गोष्टी देणारी मी, फार मोठी लेखिका नव्हते, पण ते माझं होतं. शाळेतून यायचं, मुलांच्या वह्या तपासायच्या आणि मग कोरा कागद घेऊन खिडकीशी बसायचं. कागद तसाच राहायचा. असा पावसाळा गेला, हिवाळा गेला. सुहासने, माझ्या नवऱ्याने, एकदा विचारलं आणि मी त्याच्यावर ओरडले, म्हणून नंतर त्यानेही विचारणं सोडलं.

तू विचारलं नाहीस. एका दुपारी जुन्या कॅलेंडराची पानं फाडून आणलीस, बलकांवातल्या सोप्यावर, दारापुढच्या बाकावर, माझ्या शेजारी टेकलीस आणि एक पान माझ्यापुढे पाठकोरं टाकलंस. मी म्हटलं, मला काही सुचत नाही वयनी.

"सुचूंक कित्याक जाय? आदीं रेघ मार."

सुचायला कशाला हवं म्हणालीस, आणि सुपाची वीण काढायला सांगितलीस. सूप नाही, नुसती वीण, एक पट्टी वर, एक खाली, पान भरेपर्यंत. मला राग आला. मुलांना आपण पाठ लिहायची शिक्षा देतो तसं वाटलं. पण तू शेजारी बसून माशाचे खवले भरत होतीस, एकाला एक लागून, तुझी मान खाली, श्वास संथ. लाजेखातर मीही काढत राहिले. पहिल्या काही ओळी वाकड्या गेल्या, मग हाताला चाल सापडली. मुळगावकडून येणारे खाणीचे ट्रक रस्त्याने धडधडत जात होते, ते जरा वेळाने ऐकू येईनासे झाले. मी काहीच विचार करत नव्हते, आणि खूप महिन्यांनी मला त्याची भीती वाटत नव्हती.

पानाचा शेवटचा कोपरा उरला होता तेव्हा कुठूनतरी एक वाक्य आलं. पणजीच्या बसमध्ये मांडीवर बदक घेऊन बसलेली एक बाई. मी पेन टाकून वहीकडे धावणार, तर तू माझं मनगट धरलंस.

"कोनसो पुराय कर. तें खंय वचना."

कोपरा पुरा केला. वाक्य खरंच कुठे गेलं नव्हतं. त्या बदकवाल्या बाईची गोष्ट पुढे छापून आली, आणि अंक तुला वाचायला दिला तेव्हा तू एवढंच म्हणालीस की बदक बरं जमलं आहे, बाई जरा जास्त बोलते. वयनी, तुझं बरोबर होतं. बाई जास्त बोलते.

त्यानंतर आपल्या दुपारी ठरूनच गेल्या. तुझे खेळ तरी किती. पोदेराकडचा गोल पाव, उंडा, डोळे मिटून हातात फिरवायचा आणि कागदाकडे न बघता काढायचा, आणि माझा उंडा नेहमी बटाट्यासारखा. डाव्या हाताने सुहासचं तोंड काढायचं. श्रावणात मागच्या भिंतीला ओल चढली की तिच्या डागांत माणसं शोधायची. तुला एकदा बस कंडक्टर सापडला, पिशवीसकट, आणि तो सुकून जाईपर्यंत आपण त्याला येता-जाता तिकीट मागत होतो. एकीने डोळे मिटून कागदावर गिरबट मारायची आणि दुसरीने त्यातून जिवंत काहीतरी बाहेर काढायचं, हा तुझा सगळ्यात आवडता खेळ. माझ्या गिरबटातून तू भटजी काढलेस. तुझ्या गिरबटातून मला कधी काही धड काढता आलं नाही. तू म्हणायचीस, धड कशाला, हालतं तरी असू दे. माझ्या वाट्याला आलेला सगळ्यात चांगला गुरू असा सोप्यावर पाय हलवत बसलेला होता. तुला हे एकदा तरी म्हणायला हवं होतं. पण म्हटलं असतं तर तू त्या गुरूलाही शेपूट काढलं असतंस.

तुझी एक तय मात्र फसली, आणि ती आठवली की अजून हसू येतं. तुझी पद्धत बाहेरून आत यायची. आधी काठ, मग मखर, मग देव. त्या वर्षी तू काठाला खवले घातलेस, त्याच्या आत सुपाची वीण, त्याच्या आत नारळाच्या झावळ्या, त्याच्या आत आणखी काय काय, आणि भानावर आलीस तेव्हा मधे तळहाताएवढी जागा उरली होती. खोडायचं नाही, कागद दुसरा घ्यायचा नाही. देव अंगठ्याएवढा बसला. भटजींनी चष्मा पुसून पुन्हा लावला. आरतीला जमलेली माणसं एकेक करून कागदाजवळ वाकून बघत होती. दादा रागाने लाल झाले होते, देवाच्या घरात देवालाच जागा नाही, असं पाहुण्यांसमोर म्हणाले. तू शांतपणे पंचारतीत वाती घालत होतीस.

"देवाक जागो पुरता. तुमकां कित्याक पुरना?"

दादांनी टाळ उचलले. मला तेव्हा वाटलं, वयनी रंगात आली आणि चुकली. तू चुकत नसायचीस, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं.

मग आपला वाद. तुझे गुडघे सुजायला लागले त्या वर्षापासून मी म्हणायला लागले की आता पुरे. कौल लावून देवाची परवानगी घेऊ आणि डिचोलीच्या एखाद्या चित्रशाळेतून छोटी मातीची मूर्ती आणू. शेजारपाजारची सगळी घरं आणतात, त्यांचं काय वाईट झालं? एका बाईने उपाशी, पाण्याशिवाय दिवसभर बंद खोलीत बसायचं आणि बाहेर बाकीच्यांनी आरामात देवावरची फळा-पानांची माटोळी बांधायची, ही कसली भक्ती? पोर्तुगेज गेले, तू कशाला अजून लपून बसतेस? हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते जेवताना सगळ्यांसमोर बोलले. दादांनी आणि सुहासने मान डोलावली. तू ताट घेऊन उठलीस.

दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मी मागच्या दारी येऊन म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी बोलते आहे ना गो. तू मासळी साफ करत होतीस. खवले उडत होते. मान वर न करता म्हणालीस, "तुका आतां कळचें ना. बसशी तेन्ना कळतलें." मी म्हटलं, मी कधीच बसणार नाही. तू हसलीस. मला ते हसू झोंबलं, आणि पुढची सगळी वर्षं श्रावण आला की हाच वाद आपण थोड्या थोड्या फरकाने घालत राहिलो. जिंकलं कोणीच नाही. तय आली की तू आंघोळ करून आत जायचीस, आणि मी बाहेर तुझ्यासाठी लिंबाचं सरबत करून ठेवायची.

आजार पोटातला निघाला तेव्हा फार पुढे गेला होता. इस्पितळातून तुला घरी आणलं, तू खाटेवर. पेन धरवत नव्हतं, तर तू बोटाने चादरीवर खवले काढत राहायचीस. एक ओळ, मग तिच्या खाली दुसरी. मी शेजारी बसून बघायची. तुझ्याशी खूप बोलायचं होतं आणि मी काय बोलले, तर औषध, पेज, उशी. एकदा तू बोट थांबवून विचारलंस, तयेला किती अवकाश आहे. मी म्हटलं, खूप आहे, तू बरी होशील, तूच काढशील. तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. तुला हे उत्तर नको होतं. कोणतं हवं होतं तेही मला माहीत होतं, पण ते दिलं असतं तर तू जाणार हे मीच बोलल्यासारखं झालं असतं. तू पुन्हा चादरीकडे वळलीस. मग त्या आठवड्यातच सगळं संपलं.

सुतक फिटलं आणि घराला सवयीने हाका मारायची आठवण झाली. पहिल्या दिवशी दादा स्वयंपाकघराकडे तोंड करून "शाल" एवढंच म्हणाले आणि थांबले. मी चहा नेऊन दिला. मग त्यांनी चष्मा विचारला तो मला. पोदेराचा भोंपू वाजला तर सुहासने आत बघून मला हाक मारली. कोणी ठरवून केलं नाही, वाईट कोणीच नाही. शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी माझं नाव ऐकू येतं. मी "येतां" म्हणते. हा शब्द माझ्या बोलण्यातला नव्हता, तुझ्याकडून आला. तू गेल्यापासून मी एक ओळ लिहिलेली नाही, आणि ती का लिहिली नाही याचा विचार करायलाही एक दुपार मिळालेली नाही.

आषाढाच्या शेवटी दादांनी माळ्यावरून पाट काढला, पुसला आणि बलकांवात ठेवला. चित्रशाळेत आपला पाट नेऊन द्यायचा, त्यावर मूर्ती तयार होऊन येते. मला म्हणाले, फाल्यां सकाळी जाऊन सांगून येतां, वर्षाच्या आत गोडधोड करायचं नाही, पण देव तर यायला हवा. आणि मग अगदी साधेपणाने, टोमणा म्हणून नाही, "तुझेंच म्हणणें आसलें न्हय, मातयेची हाडूंया म्हूण?"

माझंच होतं. इतकी वर्षं मी जे मागत होते ते माझ्यासमोर पुसून ठेवलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला असं वाटलं की तुला दुसऱ्यांदा घराबाहेर नेत आहेत.

"रवा, दादा," मी म्हटलं. "सांगू नकात. मी बसतंय."

दादांनी माझ्याकडे बघितलं, मग पाट उचलून पुन्हा माळ्यावर टाकला. सुहास म्हणाला, तुला तर उंडासुद्धा काढता येत नाही. खरं होतं. श्रावणभर शाळेतल्या मधल्या सुटीत मी मुलांच्या जुन्या पेपरांच्या पाठीवर सोंडा काढत होते. एक सोंड नळासारखी, एक दोरीसारखी. स्टाफरूममधल्या बाईने विचारलं, साप का काढताय? घरी एक क्षण मोकळा नव्हता. तुझ्यासाठीच्या हट्टापायी मी हे ओढवून घेतलं असं रोज वाटायचं. वाद जिंकायचा होता की हरायचा होता, तेच कळेना.

तय आली. आंघोळ केली, आत गेले, कडी लावली. काव आधी पायावर सांडली. मी तुझ्या उलट केलं, आधी देव काढला, मधोमध, जागा संपायच्या आत. भीतीच तेवढी होती. सोंड काढताना श्वास धरला. एक डोळा दुसऱ्याहून थोडा खाली गेला. पोट बरं जमलं. मग मोदक, उंदीर, आसन. पूजेला ठेवला तेव्हा कोणी हसलं नाही, आणि दादा बराच वेळ उभे राहून बघत होते, ते नंतरचं. आत असताना मला एवढंच कळलं की झाला. देव झाला, आणि जनेलातून येणारं ऊन अजून भिंतीच्या खालच्या अंगाला पोचलं नव्हतं. जेवणाचीही वेळ झाली नव्हती.

मी ब्रश ठेवला. पाय आखडले होते, घसा कोरडा पडला होता. दार उघडायचं म्हणून उठले, आणि कडीला हात लावला तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्यासारख्या बाईचं चित्र दुपारच्या आत पुरं होतं. तुझा हात माझ्याहून कितीतरी चलाख. काठ-मखरासकट तुझा देव तर न्याहारीच्या वेळेलाच बसून तयार होऊ शकला असता. आणि तू दार उघडायचीस दिवे लागताना. दर वर्षी, हाक न येणाऱ्या त्या एकाच दिवशी. आम्ही बाहेर तुझी कीव करत होतो.

वयनी, मी कडीवरचा हात काढला आणि खाली बसले. मग रडले, तू गेलीस त्या दिवशी रडता आलं नव्हतं तसं, तोंडात पदर कोंबून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आवाज गेला असता तर कोणीतरी दार ठोठावलं असतं. रडून झाल्यावर डोळे पुसले, चित्र जवळ ओढलं आणि कडेला पहिला खवला काढला. त्याच्या शेजारी दुसरा. काही सुचत नव्हतं आणि सुचायला नको होतं.

बाहेर पाहुण्यांपैकी कोणी बाई मोठ्याने काही विचारत होती. सुहासने तिला गप्प केलं. हळू बोला, म्हणाला, बिचारी पाण्याशिवाय बसली आहे, अजून तिचं व्हायचं आहे. तुझ्या वेळेला हे वाक्य मी बोलायची.

मी दुसरी ओळ धरली.